एक खिडकी, मागे किती कपाटे?

वाचकांचे प्रश्न : ग्रंथालयातील एकत्रित शोध

अनेक डेटाबेस एकाच चौकटीतून शोधण्याच्या सोयीबद्दल या खेपेला बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून, थोडे आटोपशीर करून घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पानावर एकच शोधचौकट आहे. शेतमजुरीच्या दरांबद्दल इंग्रजीत शोधले की हजारोंनी निकाल येतात, पण ज्या लेखाची छापील प्रत माझ्या हातात आहे तोच त्यात सापडत नाही. असे का व्हावे?
— पीएच.डी. विद्यार्थिनी (अर्थशास्त्र), लातूर

चौकट एकच दिसत असली तरी तिच्यामागची यंत्रणा तीनपैकी कोणतीही असू शकते, आणि लेख का हुकला याचे उत्तर त्यावर ठरते.

पहिला प्रकार म्हणजे एकाच कंपनीच्या मंचावरचे अनेक डेटाबेस एकत्र निवडणे. एब्सको, प्रोक्वेस्ट, ओव्हिड या मंचांवर डेटाबेसच्या नावांपुढे खुणा करून ते एकदम शोधता येतात. इथे शोधाची भाषा एकच असल्याने गडबड कमी होते, पण त्या कंपनीच्या कुंपणाबाहेरचे काही दिसत नाही.

दुसरा प्रकार फेडरेटेड सर्च. तुम्ही शब्द लिहिलात की यंत्रणा तो त्याच क्षणी दहा-बारा डेटाबेसकडे पाठवते, उत्तरांची वाट पाहते आणि आलेले निकाल एकत्र मांडते. प्रत्येक स्रोताकडून बहुधा पहिल्या 20 ते 50 नोंदीच उचलल्या जातात. तुमचा लेख मूळ डेटाबेसात 73व्या क्रमांकावर असेल, तर तो इकडे पोहोचतच नाही. शिवाय ठरलेल्या सेकंदांत उत्तर न देणारा स्रोत गुपचूप वगळला जातो.

तिसरा प्रकार, म्हणजे डिस्कव्हरी, आज सर्वांत जास्त आढळतो. प्रायमो, समन, एब्सको डिस्कव्हरी सर्व्हिस ही त्यातली नावे. 2009-10च्या सुमारास हे आले आणि फेडरेटेड सर्च मागे पडला. यात प्रकाशकांकडून नोंदी आधीच गोळा करून एक मोठी मध्यवर्ती सूची बनवलेली असते आणि शोध फक्त त्या सूचीत होतो. म्हणून उत्तर चटकन येते. पण ज्याने नोंदी दिल्याच नाहीत, त्याचे साहित्य तुमच्या ग्रंथालयाने पैसे भरून घेतलेले असले तरी त्या सूचीत नसते. या यंत्रणा विकणाऱ्या कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक आहेत आणि आपल्या विषयसूची दुसरीला द्यायला सहज तयार होत नाहीत. यावरून अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी जाहीर नाराजीही व्यक्त केली होती.

तुमच्याकडे कोणता प्रकार आहे हे ओळखणे सोपे आहे. निकाल टप्प्याटप्प्याने येत असतील आणि ‘12 पैकी 9 स्रोत पूर्ण’ असे काही दिसत असेल तर फेडरेटेड. सेकंद-दोन सेकंदांत सगळे निकाल आणि डावीकडे वर्ष, विषय, भाषा अशा गाळण्या आकड्यांसह आल्या, तर मध्यवर्ती सूची.

मग ही चाचणी करा. आपल्या विषयातले दहा ज्ञात संदर्भ घ्या : तीन भारतीय नियतकालिकांतले, तीन परदेशी, दोन प्रबंध, दोन मराठी. प्रत्येकाचे शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून शोधा. जे सापडले नाहीत ते नेमके कुठे राहतात ते पाहा. तीनही भारतीय लेख हुकले, तर त्या चौकटीची हद्द तुम्हाला कळली. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे जुने अंक जेस्टोर या नियतकालिकांच्या संग्रहावर आहेत आणि ताजे अंक त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर. त्यामुळे एकाच नियतकालिकाचा अर्धा भाग चौकटीत दिसतो आणि अर्धा दिसत नाही, असे होऊ शकते.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट सर्वांत आधी तपासा. ‘फक्त पूर्ण मजकूर असलेले’ ही खूण बऱ्याच ठिकाणी आधीच लावलेली असते. ती काढली की हरवलेले लेख पुष्कळदा परत येतात. आणि निकालांच्या एकूण आकड्यावर विसंबू नका. एकच लेख चार ठिकाणांहून आला की चारदा मोजला जातो; काही यंत्रणांत तर तुम्ही पाने उलटत गेलात की दुबार नोंदी गळून आकडा खाली येताना दिसतो.

प्रश्न : पोवाडे आणि लावणी यांवर काम करतो आहे. देवनागरीत शोधले तर फार थोडे मिळते, रोमनमध्ये शोधले तर वेगळेच काही. नेमके कसे शोधावे?
— संशोधक विद्यार्थी (मराठी), सातारा

मराठीसाठी एकच शोध कधीच पुरत नाही. किमान तीन शोध वेगवेगळे करावे लागतात : देवनागरी, ग्रंथालयीन रोमन आणि इंग्रजी विषयशीर्षक.

आधी रोमनचे कोडे. मोठ्या परदेशी ग्रंथालयांच्या सूची ज्या मार्क-8 या जुन्या संगणकीय वर्णसंचात घडल्या, त्यात देवनागरी नव्हतीच. म्हणून मराठी पुस्तकांच्या नोंदी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लिप्यंतर नियमांनी रोमनमध्ये केल्या गेल्या आणि त्या नोंदी आजही जगभर फिरतात. हे नियम आपल्या रोजच्या रोमन लिहिण्यापेक्षा वेगळे आहेत. च साठी नुसता ‘सी’, आणि ‘सीएच’ म्हणजे छ. त्यामुळे चोखामेळा शोधताना सुरुवातीला ‘सीएच’ लिहिलेत, तर यंत्राच्या लेखी तुम्ही छोखामेळा शोधत असता. श साठी वर खूण असलेला ‘एस’ असतो, ‘एसएच’ नसतो; ‘एसएच’ म्हणजे ष. म्हणून शाहू हा ‘एस-ए-एच-यू’ असा सापडतो. व साठी कायम ‘व्ही’, ‘डब्ल्यू’ कधीही नाही. ज्ञ साठी ‘जे’ आणि ‘एन’. आपण सवयीने लिहितो तो ‘डी-एन-वाय’ तिथे चालत नाही. वरच्या-खालच्या खुणा टाइप करायची गरज सहसा पडत नाही, बहुतेक यंत्रणा त्या सोडून देतात. पोवाडा ‘व्ही’ने लिहा, की झाले.

याउलट इंटरनेट अर्काइव्हवरच्या जुन्या मराठी स्कॅन प्रतींना कोणताच एक नियम नाही. टाइप करणाऱ्याच्या मनाला येईल तसे रोमन तिथे आहे. तिथे तीन-चार पर्याय करून पाहण्यावाचून इलाज नाही.

आता देवनागरी. मराठी शब्द विभक्तीबरोबर बदलतो आणि बहुतेक शोधयंत्रणांना ते कळत नाही. म्हणून शब्द मुळाशी तोडून पुढे तारांकन लावा. ‘पोवाड*’ लिहिलेत की पोवाडा, पोवाडे, पोवाड्यांचा, पोवाड्यातील हे सगळे मिळते. ‘पवाड*’ हे दुसरे रूपही जोडा. हीच युक्ती लावणीला लावलीत तर फसाल. ‘लावण*’मध्ये लावणीबरोबर लावण्य येते, ‘रोपे लावण्याची पद्धत’ येते. तिथे ‘लावणी*’ आणि ‘लावण्यां*’ असे दोन तुकडे ‘ऑर’ने जोडा.

तुमच्या गावाच्या नावातही एक खाच आहे. ‘साताऱ्याचे’ हा शब्द युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत) दोन तऱ्हांनी साठवला जातो. एका तऱ्हेत साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडखूण असते; दुसरीत ऱ हे स्वतंत्र अक्षर असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. कोणती तऱ्हा उमटेल हे तुमच्या कळफलकावर अवलंबून. ‘सातार*’ लिहिलेत तर दुसऱ्या तऱ्हेचे शब्द हुकतात, कारण तिथे साधा र नाहीच. म्हणून ‘साता*’ असे र च्या आधीच तोडा. सातासमुद्रापार गेलेले दोन-चार निकाल जास्त येतील, ते हाताने काढा. शेतकरी-शेतकऱ्यांचे, दुसरा-दुसऱ्या यांनाही हेच लागू. ॲ चेही तसेच आहे : एक अखंड अक्षर, एक अ वर चंद्र देऊन केलेले.

1962च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छापील साहित्यात न उच्चारले जाणारे अनुस्वार असतात : नांव, घरें, केलें. शीर्षक जसे छापले तसे नोंदवण्याची ग्रंथालयांची पद्धत असल्याने जुन्या पुस्तकासाठी जुने लेखन वापरून एक फेरी माराच.

शोधगंगा या भारतीय प्रबंधसंग्रहावरच्या मराठी प्रबंधांची शीर्षके कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये, तर कधी सरळ इंग्रजी भाषांतरात नोंदलेली असतात. प्रबंध प्रकरणवार पीडीएफमध्ये असतात, आणि युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या पीडीएफच्या आत शोधले तर यंत्राला मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. तिथे शब्दशोध व्यर्थ आहे. विद्यापीठ, विभाग अशी उतरंड धरून मराठी विभागाची यादी डोळ्यांखालून घालणे हाच भरवशाचा मार्ग. इंग्रजी विषयशीर्षकासाठी ‘बॅलड्स, मराठी’ हे शब्द वापरून पाहा.

प्रश्न : तालुक्याच्या गावातले अनुदानित महाविद्यालय आहे. कोहा या ग्रंथालय-सॉफ्टवेअरमध्ये पुस्तकांची सूची आहे, डीस्पेस या संग्रह-सॉफ्टवेअरमध्ये प्रश्नपत्रिका आणि प्राध्यापकांचे लेख आहेत, एन-लिस्टचे (महाविद्यालयांना ई-साहित्य देणाऱ्या योजनेचे) सदस्यत्व आहे. विकतची यंत्रणा परवडणार नाही. स्वतःची एकत्रित चौकट उभारता येईल का?
— ग्रंथपाल, चंद्रपूर जिल्हा

पहिल्या दोघांची येईल, तिसऱ्याची येणार नाही. एन-लिस्टमधले लेख प्रकाशकांच्या सर्व्हरवर असतात आणि त्यांच्या नोंदी तुम्हाला उतरवून घेता येत नाहीत. त्यासाठी चौकटीशेजारी दुवा ठेवा आणि ‘इथे वेगळा शोध घ्यावा लागेल’ असे स्वच्छ मराठीत लिहा.

कोहा आणि डीस्पेससाठी व्हूफाइंड हे मुक्त सॉफ्टवेअर योग्य. ते अमेरिकेतल्या व्हिलनोव्हा विद्यापीठात तयार झाले. त्याला लिनक्स, पीएचपी, मारियाडीबी आणि जावा लागते. शोधाचे काम आतले सोलर हे शोधयंत्र करते. काही दशसहस्र नोंदींसाठी 8 जीबी रॅमचा साधा सर्व्हर पुरतो. हे सर्व कोहाच्याच यंत्रावर चढवण्याचा मोह टाळा. सोलर आणि कोहा स्मृतीसाठी भांडू लागले की पुस्तकांची देवघेव अडते.

नोंदी आणण्याचा मार्ग म्हणजे ओएआय-पीएमएच, एका यंत्रणेतून दुसरीत नोंदी उचलून नेण्याची ठरलेली पद्धत; या उचलण्याला कापणी म्हणतात. कोहाच्या सिस्टम प्रेफरन्समध्ये तो चालू करावा लागतो. डीस्पेसमध्ये तो असतोच. व्हूफाइंडच्या ओएआय फाइलमध्ये दोन्हींचे पत्ते लिहा. कोहाकडून नोंदी मार्कएक्सएमएल स्वरूपात मागा (मार्क म्हणजे ग्रंथसूचीच्या नोंदींचा प्रमाण साचा), डीस्पेसकडून डब्लिन कोअर या साध्या साच्यात. पहिली कापणी पूर्ण होते, पुढच्या वेळी शेवटच्या तारखेनंतर बदललेलेच येते. ही आज्ञा क्रॉन या लिनक्सच्या वेळापत्रकात घालून रोज रात्री चालवा. कोहात रद्द केलेली पुस्तके चौकटीत वर्षानुवर्षे दिसत राहणे ही नेहमीची तक्रार. कापणीत आलेल्या ‘वगळले’ खुणा सूचीला लावणारी वेगळी आज्ञा असते. ती रोजच्या कामात घालायला लोक विसरतात. पुस्तक जागेवर आहे की बाहेर, हे मात्र कापणीतून घेऊ नका. ते त्या क्षणी कोहाला विचारण्यासाठी व्हूफाइंडमध्ये कोहाचा चालक आहे, तो जोडा.

मराठी नोंदी आत आल्यावर प्रश्नचिन्हे किंवा चौकोन दिसले, तर मार्क नोंदीचा लीडर (नोंदीच्या सुरुवातीची माहितीपट्टी) उघडून 09 हे स्थान पाहा. तिथे ‘ए’ अक्षर हवे. ते म्हणजे ‘मजकूर युनिकोडमध्ये आहे’ ही ग्वाही. रिकामे असेल तर आयात करणारा कार्यक्रम मजकूर मार्क-8 समजतो आणि देवनागरीची माती होते. जुन्या सॉफ्टवेअरमधून कोहात आणलेल्या नोंदींत हा दोष फार. हजार नोंदी एकेक दुरुस्त करत बसू नका. निर्यात करून मार्कएडिट या सॉफ्टवेअरने एका झटक्यात बदला.

दुसरी सुधारणा सोलरच्या स्कीमा फाइलमध्ये. सोलर ज्यावर उभे आहे त्या ल्युसीनमध्ये मराठीसाठी वेगळा शब्दमूळ काढणारा भाग नाही. पण इंडिक नॉर्मलायझेशन आणि हिंदी नॉर्मलायझेशन हे दोन फिल्टर, याच क्रमाने, आपल्या कामाचे आहेत. पहिला अ-वर-चंद्र आणि अखंड ॲ एक करतो. दुसरा अदृश्य जोडखूण आणि हलन्त काढतो, ऱ चा र करतो, म्हणजे वरच्या उत्तरातला साताऱ्याचा घोळ मुळातच मिटतो. तो ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पुसतो. विद्यार्थ्यांच्या लेखनाकडे पाहता हे वरदानच. किंमत एवढीच की दिन आणि दीन, सुत आणि सूत एक होतात. हिंदीचा स्टेमर (शब्दमूळ काढणारा भाग) मात्र लावू नका, तो हिंदी प्रत्यय कापतो. फिल्टर सूची बनवताना आणि प्रश्न वाचताना अशा दोन्ही ठिकाणी लावायचे आणि नंतर सगळी सूची नव्याने बांधायची. एकाच बाजूला लावले तर आधी सापडत होते तेही सापडेनासे होते.

प्रश्न : निकालाखाली ‘पूर्ण मजकूर उपलब्ध’ असे लिहिलेले असते, दुवा दाबला की प्रकाशक पैसे मागतो. कोण खोटे बोलते?
— सहायक प्राध्यापक, अकोला

बहुतेकदा मधली यादी शिळी झालेली असते. दुवा दाबल्यावर लिंक रिझॉल्व्हर आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळखक्रमांक), वर्ष, खंड आणि पान घेऊन ग्रंथालयाच्या वर्गणीच्या यादीत पाहतो आणि तुम्हाला पुढे पाठवतो. वर्गणी बदलली, नियतकालिक दुसऱ्या प्रकाशकाकडे गेले, किंवा ताज्या 12 महिन्यांचे अंक बंद आहेत हे यादीत नोंदवलेच नाही, की दार चुकते. नाव बदललेली नियतकालिके हमखास घोळ घालतात. ‘इकॉनॉमिक वीकली’ 1966 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ झाले. 1962चा लेख नव्या नावाखाली शोधणारा रिझॉल्व्हर रिकाम्या हाताने परततो.

1 जानेवारी 2025 पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेत 30 प्रकाशकांची सुमारे 13 हजार नियतकालिके सरकारी संस्थांना खुली झाली. तुमची संस्था त्यात असेल, पण ग्रंथालयाच्या यादीत ती भर पडली नसेल, तर उलटा प्रकार घडतो : लेख तुमच्या हक्काचा असतो आणि चौकट ‘उपलब्ध नाही’ म्हणते. ग्रंथपालांना लेखाचा डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) आणि पडद्याचे चित्र पाठवा. ‘दुवा चालत नाही’ एवढ्या निरोपावर कोणालाच काही शोधता येत नाही.

घरून पाहत असाल तर आधी संस्थेमार्फतचे लॉगिन तपासा. महाविद्यालयात आयपी पत्त्यावरून ओळख पटते, घरी पटत नाही. प्रकाशकाला तुम्ही अनोळखी गिऱ्हाईक वाटता.

प्रश्न : सिस्टेमॅटिक रिव्ह्यूसाठी (एका प्रश्नावरचे सगळे संशोधन पद्धतशीर शोधून घेतलेल्या आढाव्यासाठी) डिस्कव्हरीच्या चौकटीतला एकच शोध चालेल, असे वर्गमैत्रिणी म्हणतात. विषय आहे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांचे बेडसोअर.
— एम.एस्सी. नर्सिंग विद्यार्थिनी, मिरज

चालणार नाही. डिस्कव्हरीचे निकाल तुमच्या संस्थेच्या वर्गणीवर आणि कंपनीच्या क्रमवारीवर ठरतात. दुसऱ्या गावातल्या संशोधिकेने तोच शोध केला तर तिला वेगळे निकाल येतील, आणि रिव्ह्यूची तर पहिली अट म्हणजे शोध पुन्हा जसाच्या तसा करता आला पाहिजे.

दुसरे कारण शब्दांचे. पबमेड या वैद्यकीय डेटाबेसच्या मेश या प्रमाण विषयशब्दांच्या यादीत तुमचा विषय ‘प्रेशर अल्सर’ आहे, एम्बेस या दुसऱ्या डेटाबेसात बरीच वर्षे ‘डेक्युबिटस’. 2016 मध्ये अमेरिकेतल्या प्रेशर अल्सरविषयीच्या राष्ट्रीय सल्लागार मंडळाने ‘प्रेशर इंज्युरी’ हा शब्द आणला, म्हणून नवे लेख त्या नावाने येतात. प्रत्येक डेटाबेसात शिरून त्याचा अधिकृत शब्द आणि सगळी मोकळी नावे मिळून शोध बांधावा लागतो. एकत्रित चौकटीला प्रत्येक डेटाबेसची शब्दावली नीट वापरता येत नाही.

शोधचिन्हांचीही तीच गत. ओव्हिडमध्ये हॅश म्हणजे नेमके एक अक्षर आणि प्रश्नचिन्ह म्हणजे एक किंवा काहीच नाही. एब्सकोच्या मंचावर हे अगदी उलट. पबमेडमध्ये दोन्ही चालत नाहीत, फक्त तारांकन चालते, तेही आधी किमान चार अक्षरे असतील तरच. शिवाय तारांकन लावले की पबमेड तो शब्द मेशशी आपोआप जुळवणे थांबवते. एका डेटाबेसचा शोध दुसऱ्यात जसाच्या तसा चिकटवलात तर चूक दाखवली जात नाही, निकाल तेवढे चुकतात.

पबमेड, सिनाहल आणि कॉक्रेन स्वतंत्रपणे शोधा. प्रत्येक वेळी पूर्ण शोधवाक्य, मंचाचे नाव, तारीख आणि निकालांची संख्या वहीत नोंदवा. निकाल आरआयएस या संदर्भांच्या स्वरूपात उतरवून झोटेरो या संदर्भ-सॉफ्टवेअरमध्ये दुबार नोंदी काढा. काढण्याआधीची आणि नंतरची संख्या प्रिझ्मा या रिव्ह्यू-अहवालाच्या नियमावलीतल्या आकृतीत लागते. एकाच मंचावर दोन डेटाबेस एकदम शोधले असतील तर मंच आणि दोन्ही डेटाबेस नावानिशी लिहा, शोध कसा नोंदवावा हे सांगणाऱ्या प्रिझ्मा-एसची तशी अपेक्षा आहे. डिस्कव्हरीची चौकट सुरुवातीला विषयाचा अंदाज घ्यायला आणि शेवटी काही सुटले का हे पाहायला वापरा.

प्रश्न : गूगल स्कॉलर असताना हे सगळे कशाला?
— एम.ए. विद्यार्थी, नाशिक

नाव माहीत असलेला लेख गाठायला आणि तो पुढे कोणी उद्धृत केला हे पाहायला स्कॉलरइतके सोयीचे दुसरे काही नाही. पण त्यात कोणती नियतकालिके आहेत याची यादी गूगल देत नाही, आणि निकाल लाखांत दाखवले तरी पहिल्या 1000 पलीकडे जाता येत नाही. सेटिंग्जमधल्या ‘लायब्ररी लिंक्स’मध्ये आपल्या विद्यापीठाचे नाव असेल तर ते निवडा, लेख उघडण्याचा अर्धा त्रास वाचतो.

प्रश्न : महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीवर आहे. एका विक्रेत्याने एकत्रित शोधाचे सुरेख प्रात्यक्षिक दाखवले. खरेदीआधी काय विचारावे?
— समिती सदस्य, मडगाव

प्रात्यक्षिक विक्रेत्याच्या नमुन्यावर नको, पहिल्या उत्तरात सांगितलेल्यासारख्या तुमच्या दहा ज्ञात संदर्भांवर मागा. गोव्यात त्यात देवनागरी आणि रोमी कोंकणी, मराठी आणि पोर्तुगीज नोंदी हव्यातच. पोर्तुगीज स्वरचिन्हे न देता शोधल्यावरही पुस्तक मिळते का ते पाहा.

मग तुमच्या वर्गणीतल्या प्रत्येक डेटाबेसपुढे लेखी उत्तर घ्या : नुसती नोंद आहे, सारांश आहे, की पूर्ण मजकूरही सूचीत आहे? ‘आम्ही अमुक डेटाबेस कव्हर करतो’ या वाक्यात कधीकधी नुसत्या बाहेरच्या दुव्याचाही समावेश असतो. निसो या अमेरिकी मानक संस्थेच्या ओपन डिस्कव्हरी इनिशिएटिव्हनुसार भरलेले जाहीरपत्र मागा. त्यात हाच तपशील ठरावीक नमुन्यात येतो.

यंत्रणा फेडरेटेड असेल तर एका वेळी किती जणांना प्रवेश आहे ते पाहा. तीनच वापरकर्त्यांचा परवाना असलेल्या डेटाबेसाला प्रत्येक किरकोळ शोध धडकू लागला, की ज्याला तो खरोखर हवा त्याच्यासाठी दार बंद. वापराचे आकडेही फुगतात, कारण एका टिचकीचे बारा डेटाबेसांत बारा शोध होतात. काउंटर या ई-साहित्याचा वापर मोजण्याच्या मानकाच्या पाचव्या आवृत्तीपासून फेडरेटेड शोध वेगळ्या रकान्यात मोजले जातात. वर्गणी चालू ठेवायची की नाही हे ठरवताना तो रकाना बाजूला ठेवून नेहमीचे शोध आणि उघडलेले लेख पाहा.

आणि करार संपल्यावर तुमच्या सूचीच्या नोंदी, तुम्ही केलेल्या दुरुस्त्यांसकट, मार्क स्वरूपात परत मिळतील, हे कलम करारात घालून घ्या.